झोळीचा पट्टा

साळूबाईला एखादी गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय चैन पडत नसे. खुडूक कोंबडी अंड्यांवरून मधेच का उठली, शेजारणीचं दही का लागलं नाही, सगळ्याचं मूळ तिला हवं असायचं. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ती वडूजजवळ माहेरी गेली आणि गावच्या आप्पासोंची पिठाची गिरणी बंद दिसली. चार दिवसांच्या माहेरपणातले दोन तिने त्या कुलपाचा विचार करण्यात घालवले.

कारणही तसंच होतं. तिचा नवरा केरबा लष्कराच्या मोटारखान्यातून परत आला होता आणि शिराळ्याकडच्या आपल्या गावात त्याने नुकतीच अशीच गिरणी घातली होती. तेलावरचं जुनं इंजिन, दगडांची एक जोडी आणि इंजिनाच्या चाकावरून दगडाच्या चाकावर फिरणारा लांब जाड कापडी पट्टा. जास्तीचं म्हणावं असं एकच, लष्करी मोडीतून आणलेला दुसरा पट्टा. आप्पासोंकडे मात्र सगळं दुहेरी होतं. पट्टे दोन, दगडांच्या जोड्या दोन, तेलाची पिंपं भरलेली. मग एवढी भरलेली गिरणी वर्षाच्या आत बसली कशी?

तिची वहिनी हरणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, दुसरं पडून हाय म्हटल्यावर कोण सोडतंय? पट्टा मेव्हण्यानं नेला. तेल लगीनघरी गेलं. दगड चुलत्याच्या दारात पायरीला बसल्यात. आन पयला पट्टा तुटला तवा खुंटीवर काय व्हतं?"

"आप्पासो न्हाई म्हनले न्हाईत?"

"कशाच्या जोरावर म्हनायचं? वापरात असतं तर म्हनले असते."

हे शेवटचं वाक्य साळूबाईने पदराच्या गाठीला बांधून सासरी आणलं.

घरी दुसरा पट्टा खुंटीवर लोंबत होता आणि तिचा धाकटा दीर गुंडा तो दोनदा हाताळून गेला होता. बैलांना जुवाशी बांधायच्या जुपण्या झिजल्या होत्या. असला पट्टा चिरला तर दहा वर्षं बघायला नको. नुसता लोंबतोय की, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. गिरणीच्या पायाचे दगड महिनाभर त्यानेच वाहिले होते. अशा दिराला नाही म्हणायला साळूबाईची जीभ उचलेना.

तिने नाही म्हटलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिने तुळईला पट्ट्याचे वेढे दिले, खाली लुगड्याची झोळी बांधली आणि सात महिन्यांच्या विजयमालाला आत घातलं. केरबाला हसू आलं. गिरणीच्या सामानाला पोर टांगलेलं त्याने लष्करातसुद्धा पाहिलं नव्हतं.

गुंडा तिसऱ्यांदा आला. झोळीकडे पाहिलं, झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि पाणी पिऊन गेला. साळूबाईला जरा वाईट वाटलं. पण वापरातलं खरंच कुणी मागत नाही तर, याचं नवलही वाटलं.

मग नागपंचमी उद्यावर आली. त्या दिवशी गावात कुणी चिरत नाही, तळत नाही, दळत नाही. पुरणाच्या दिंडांचं पीठ आदल्या दिवशीच हवं. गिरणीचं पीठ करपट लागतं म्हणणाऱ्या बायकासुद्धा यंदा पहिल्यांदाच पाट्या घेऊन आल्या. जाती अजून घरोघर होती. आज जिचं दळण होईल ती पुन्हा जात्यावर बसणार नाही आणि आज जी परत जाईल ती पुन्हा गिरणीची पायरी चढणार नाही, हे केरबाला दिसत होतं.

बारा वाजायच्या सुमाराला पट्टा तुटला. इंजिन नुसतंच धडधडत राहिलं.

म्हाताऱ्या सुलाबाईने आपली पाटी उचलली. "चला गं. हात अजून शाबूत हायत आपलं."

केरबा धावत घरी आला आणि झोळीखाली थबकला. पोरीला दात येत होते, आत्ता कुठे डोळा लागला होता. साळूबाईने तिला उचललं. दळणाची पाटी सोडून गुंडा मागोमाग आला होता.

"भावजी, धरा हिला."

पोरीच्या वजनाने गाठी आवळल्या होत्या, त्या केरबाने दातांनी सोडवल्या. पट्टा चढला. गाठींच्या जागी वळ पडले होते, त्यामुळे दर फेरीला तो चाकावर टप् टप् वाजायचा. पण फिरत राहिला. ते ऐकून सुलाबाई वाटेतून मागे वळली आणि आपल्या नंबरावरून भांडायला लागली. दिवेलागणीपर्यंत सगळ्यांचे गहू दळून झाले. तोवर गुंडा रडणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता; तिने त्याची बंडी दोनदा भिजवली.

पंचमीचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा विळा घेऊन आला. तुटका पट्टा तरी आता आपला, असा त्याचा हिशेब. घरात शिरला आणि वर बघत राहिला. केरबाने पट्ट्याची फाटकी टोकं कापून तो वादीने शिवला होता. इंजिन हातभर पुढे सरकवलं की अडीनडीला पुरेल म्हणे. तुळईला आता तोच वेढलेला होता. त्याला झोळी होती. झोळीत पोरगी होती.

"वैनी, ही कवा उतरनार म्हनायची?"

"चालाय लागली की."

"तवर दुसरं येईल."

साळूबाईला हसू आवरेना. कोनाड्यात ठेवलेली कापलेली टोकं तिने काढली, दोन्ही मिळून हातभर भरतील एवढी, आणि त्याच्या हातावर ठेवली.

"एका बैलाचं झालं, भावजी. दुसऱ्याचं बघू."