साखरबाईच्या अंगणातली माणसं

भवानीनगरपासून तीन-चार मैलांवर, कालव्याच्या अंगाला साखरबाईचं दीड एकराचं माळवं आहे. मेथी, भेंडी, गवार, कडेला चार पेरू. नवरा महिपती होता तोवर दोघं मिळून सगळं बघायची. साठीला आली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं, थेंब एक दिवससुद्धा चुकवायचे नाहीत. ते चुकले नाहीत, कारण ते काम महिपतीनं अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी धार काढून झाली की तो तिला बाजेवर आडवी करायचा, दोन बोटांनी पापणी वर धरायचा आणि "हलू नगंस" म्हणत थेंब सोडायचा.

मग एका माघात वाफ्याला पाणी सोडता सोडता महिपती खाली बसला, तो उठलाच नाही.

थेंबांची बाटली मुलगा अविराज न चुकता आणून द्यायचा. साखरबाई ती फळीवर ठेवून द्यायची. डोळा दुखत नव्हता, खुपत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागावा, हे तिला सोसत नव्हतं. अविराजच्या ध्यानात आलं तोवर अंधार कडेकडेनं आत सरकत आला होता. दोन वर्षांत ऊन आणि सावली एवढंच कळायचं उरलं.

हातांनी मात्र लवकर शिकून घेतलं. भेंडी कोवळी की निबर, हे तिला बोट लागताच समजायचं. मेथीची जुडी ती पूर्वीपेक्षा एकसारखी बांधू लागली. भिंत जवळ आली की पावलांचा आवाज बदलतो, हेही तिला उमगलं, आणि काठीशिवाय ती गोठ्यापर्यंत जाऊन येऊ लागली. लोक कौतुक करायचे. पण एक गोष्ट तिला आतून खात होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. महिपतीचा चेहरा तिला आठवेनासा झाला होता. त्याचा खोकला आठवायचा, चालीतली घाई आठवायची. टोपी आठवायची, सदऱ्याची गळपट्टी आठवायची. त्या दोहोंच्या मधली जागा रिकामी.

चैत्रातल्या एका दुपारी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. समोर अंगणात एक माणूस उभा राहिला. हातभर उंचीचा. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नक्षीचा अंगरखा. फेट्याचा पीळ न् पीळ दिसत होता. डोळे धड असतानाही एवढं लख्ख तिला कधी दिसलं नव्हतं. त्याच्यामागून पिवळ्याधमक लुगड्यातल्या तीन बाया आल्या आणि ओळीनं बसल्या.

"कोण हाय?" साखरबाईनं विचारलं.

कुणी बोललं नाही. तिनं हात पुढं केला. हाताला नुसती हवा लागली.

त्यानंतर ती माणसं रोज येऊ लागली. कधी माणसं नसायची, नुसती विटांची जाळी अंगणभर पसरायची. भिऊन तिनं महिनाभर तोंड उघडलं नाही. वेडी म्हणतील, ही एक भीती. आणि खरंच वेड लागलं असेल तर, ही त्याहून मोठी.

तिची सून प्रगती सासूला आत्या म्हणायची. तिनं एक दिवस पाहिलं, की मोकळ्या अंगणातनं येताना आत्या मध्येच वळसा घालते.

"आत्या, तितं काय हाय? वळसा कशाला घातला?"

"बाया बसल्यात गं," साखरबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं.

शेजारणीनं लगेच ठरवलं, की ही बाहेरची बाधा आहे, अंगारा आणा. अविराजही घाबरला. प्रगती म्हणाली, "आणायचा तर आणा. पर आधी डोळ्याच्या डॉक्टरला इचारू."

बारामतीच्या दवाखान्यात स्वरदा नावाच्या तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी आधी डोळे तपासले, मग खुर्ची जवळ ओढली.

"आजी, ती माणसं बोलतात?"

"न्हाय."

"ओळखीची असतात?"

"एक बी न्हाय."

"तुम्ही झटकन दुसरीकडं बघितलं, डोळे मिटून उघडले, तर जातात?"

"व्हय," साखरबाई चकित झाली. "तुमाला कसं ठावं?"

"तुमच्यासारखे पुष्कळ जण येतात माझ्याकडं. त्याहून जास्त जण घाबरून सांगतच नाहीत." मग त्या सावकाश बोलू लागल्या. "बघण्याचं काम एकट्या डोळ्यांचं नसतं, आजी. अर्धं काम मेंदू करतो. तुमच्या डोळ्यांकडून त्याला आता काही मिळत नाही, आणि रिकामं बसायची त्याला सवय नाही. मग तो स्वतःच चित्रं तयार करतो. हे वेड नाही आणि बाधाही नाही."

अविराजनं सुस्कारा सोडला. साखरबाई मात्र थोडी पुढं वाकली.

"मग माजं मालक का येत न्हाईत?"

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा अनोळखीच माणसं येतात. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. बोलावून कुणी येत नाही, आजी."

भीती त्या दिवशी गेली, आणि तिच्या जागी वाट बघणं आलं. ज्याअर्थी हे सगळं आपल्याच डोक्यातून निघतं, त्याअर्थी महिपतीही तिथंच कुठंतरी असणार, असा तिनं हिशोब मांडला. दुपारी केस विंचरून, पदर सारखा करून ती ओट्यावर बसायची. आलेल्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघायची आणि चिडायची. "तुमी कशाला आलाय रोज रोज? ज्याला यायचं त्याला वाट द्या की."

मग तिनं नरसिंहपूरचा हट्ट धरला. महिपतीची रक्षा तिथंच, भीमा-नीरेच्या संगमात सोडली होती. अविराजनं एका सकाळी माळव्याची पिकअप धुतली आणि तिला घेऊन गेला. देवाचं दर्शन झालं. घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून ती बसली. वर देवळात घंटा वाजत होत्या, कुणी पोरांना हाका मारत होतं. तिनं तोंड नदीकडं केलं.

बऱ्याच वेळानं पाण्यावर एक माणूस दिसला. पाठमोरा, पुऱ्या उंचीचा. पांढरं धोतर, खांदे वाईच झुकलेले.

"अवो," तिनं हाक मारली. "अवो, हिकडं बघा की!"

तो वळला. चेहरा कोवळ्या पोराचा होता, दात मोठाले, गळ्यात मण्यांची माळ. तिच्या ओळखीचा कुणीच नाही.

अविराज दोन पायऱ्या वर उभा होता. रिकाम्या पाण्याला हाक मारणारी आई त्यानं पाहिली. तो खाली येऊन तिच्याशेजारी बसला. तिच्या कोपराखाली हात दिला.

"आलं का आबा?" त्यानं विचारलं.

"न्हाय रं. दुसराच कुणी हुता."

दोघं तिथंच बसून राहिली. परत निघाल्यावर गाडीत ती रडली. अविराजनं गाडी हळू चालवली.

पुढच्या दिवाळीपर्यंत अंगणातली माणसं विरळ होत गेली. शेवटी शेवटी निळ्या लुगड्यातली एक लहानखुरी बाई तेवढी यायची. मग तीही यायची थांबली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, की असं होईल, आणि ते चांगलंच. साखरबाईला मात्र ते चांगलं वाटलं नाही. "परकी का हुईनात," ती प्रगतीला म्हणाली, "दिसत तर हुती. आता काय, आंगण ओसच पडलं."

प्रगतीनं त्या दिवशी भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो काढला, पदरानं पुसला आणि सासूजवळ येऊन बसली.

"आत्या, मी बघून सांगते. कपाळ मोठं हाय."

"मोठं कुठलं? टोपी मागं सरकली आसंल."

प्रगतीनं पाहिलं. सरकली होती.

"नाक सरळ."

"सरळ न्हाय. डाव्या अंगाला वाकडं. खोंडानं ढुशी मारली हुती, लग्नाच्या आधी."

प्रगतीनं फोटो उजेडाकडं धरला. नाक खरंच जरासं वाकडं होतं. इतक्या वर्षांत तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग तिनं सांगायचं थांबवलं आणि नुसतं विचारत गेली. भुवया कशा? कान? मिशी? साखरबाई सांगत गेली. उजवी भुवई मधी तुटलेली. कानाची पाळी चिकटलेली. मिशी एका बाजूला आखूड, कारण कातर धरायचा अदमास कधी आलाच नाही. सांगताना तिचे दोन्ही हात समोर हवेत उभे होते, मधे एका चेहऱ्याएवढं अंतर ठेवून.

मग हात मांडीवर आले.

"सगळं ठावं हाय गं मला. येक येक करून सगळं. पर जुळून येत न्हाय." मग तिनं विचारलं, "फोटूत हसत्यात का?"

"न्हाय, आत्या. गंभीर हाईत."

"मग हसताना कसं दिसायचं, त्ये तू सांग. तू बघितलं असशील की कवातरी."

प्रगतीनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि ती आठवू लागली.