समतेचं उदाहरण

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्याच वर्षी मी अमरावतीच्या कॉलेजात गेलो. राज्यशास्त्राचे सर डोळे मिटून युरोपातल्या तत्त्वज्ञांची मतं सांगत. ‘समता’ हा शब्द आला, की मात्र डोळे उघडत आणि माझ्याकडे बोट करत.

"उभा राहा रे. पाहा, काल यांना गावची विहीर बंद होती, आज हा आपल्यात बसतो!"

वर्ग कौतुकानं पाही. वर्षभर मी मुकाट्यानं उभा राहिलो. एकदा मात्र बसूनच म्हणालो, "सर, बाकीचे बसल्या बसल्या समान हायेत. मीच काऊन उभा राहू?"

सरांनी माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि शांतपणे वर्गाला सांगितलं, "आपलं उदाहरण आज गैरहजर आहे."