सिद्रामप्पाची डबल बेल

सिद्रामप्पा गेल्याचं कार्ड मला माळशिरसला, मुलीच्या घरी मिळालं. असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत आहे. मी ते घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मुलगी ओरडली, "अण्णा, फाडा की ते!" पण हात उचलेना. दसऱ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. परतल्यावर आधी त्याच्याकडं जायचं, दोन शिव्या द्यायच्या, दोन खायच्या आणि मिटवून टाकायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं... सोलापूरला पोचलो तेव्हा त्याची माती होऊन तीन दिवस झाले होते.

आम्ही जोडीचे. एका खाजगी मालकाच्या सोलापूर-अक्कलकोट गाडीवर सतरा वर्षं तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. म्हणजे लोकांच्या भाषेत मास्तर. गाडी जुनी, इंजिन नाकासारखं पुढं आलेलं, हँडल मारल्याशिवाय सुरू न होणारी. आणि सिद्रामप्पा डबल बेल पडल्याशिवाय न हलणारा. एकदा मी चहाला उतरलो आणि गप्पांत रमलो. उतारू कावले. एका शहाण्यानं स्वतःच दोरी ओढून दोन बेल दिल्या. सिद्रामप्पानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ही मास्तरची बेल न्हाय," म्हणाला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. असला हट्टी माणूस!

पुढं खाजगी गाड्या बंद झाल्या. मालक ती भंगारात काढणार, तर यानं हातापाया पडून मागून घेतली आणि घरापुढच्या लिंबाखाली आणून लावली. त्याची बायको गंगव्वा तिला 'थोरली' म्हणायची. "आधी थोरलीला आंघोळ, मग आमचा नंबर," असं चारचौघांत सांगायची, आणि हा मिशीत हसायचा. बाहत्तरच्या दुष्काळात गल्लीत पाण्यावरून डोकी फुटत होती, तरी थोरलीच्या रेडिएटरची कळशी कधी चुकली नाही.

हे सगळं दसऱ्यासाठी. बार्शी, अक्कलकोट, आणखी कुठकुठले असलेच पाच-सहा वेडे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन शहराबाहेरच्या माळावर जमायचे. नियम कडक. गाडी स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे. ओढून आणलेली रांगेत उभी राहायची नाही. गाड्यांना झेंडूच्या माळा, नारळ, मग एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून वाद. कुणाची घाटात किती तापायची आणि कुणाची पुरातून कशी निघाली, दरवर्षी त्याच थापा, दरवर्षी तेवढंच हसू. खाकी घालून दारात उभं राहिलं की मला माझं वय आठवायचं नाही.

गेल्या साली तिथंच माशी शिंकली. सगळ्यांसमोर सिद्रामप्पा म्हणाला, "मास्तर, तुमचा हात लई ढिला पडलाय की. बेल देताय का देवळात घंटा बडवताय?" माळ हसला. मला मात्र झोंबलं. थट्टाच ती, पण माझा स्वभाव असा वाईट. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं निरोप धाडला. मी उलट निरोप दिला, "ज्याचा हात घट्ट आहे त्याला न्या." खरं सांगतो, खाकी सदरा इस्त्री करून खुंटीला लावला होता. तो दारात येऊन "चला, मास्तर" म्हणाला असता तर एका पायावर निघालो असतो. तो आला नाही. गेला असेल दुसऱ्या कुणाला घेऊन, असं धरून मी धुमसत राहिलो.

आता गंगव्वासमोर बसलो होतो. "बर्री, कूडरी," म्हणाली, या, बसा. मग तिनं विचारलं, "दसऱ्याला का आला न्हाईत?"

"तो गेला होता की."

"कुटं गेले? खाकी घालून, हँडल मारून बसले सीटवर. इंजिन सुरू. शेजारचे म्हणले, आमी बेल मारतो. तर म्हणले, मास्तर येतील, रागात हायत, पण येतील. तेल संपून गाडी आपोआप बंद पडली, तवा उतरले. जेवले न्हाईत त्या दिवशी."

मला रडू आवरेना. म्हातारपणी असं रडताना लाज वाटते, पण रडलो.

गंगव्वा उठली. "चला," म्हणाली आणि मला लिंबाखाली घेऊन गेली. दसऱ्याची वाळलेली माळ थोरलीच्या नाकावर तशीच होती. मी मागच्या दारानं चढलो. दोरी तेलकट, माझ्या हाताएवढ्या जागी गुळगुळीत झालेली.

"मारा, मास्तर. बसून ऱ्हायलेत ते."

मी ओढली. एक बेल वाजली आणि हात तिथंच अडला. एक बेल म्हणजे थांबा.

"एक न्हवं," गंगव्वा खालून म्हणाली. "जाऊ द्या त्यास्नी."

मी दुसरी बेल दिली. आणि सतरा वर्षांच्या सवयीनं, हिसका बसेल म्हणून, वरचा दांडा घट्ट धरला.