तार चिखलात उतरेपर्यंत

मुलांनो, त्या पावसाळ्यात माझं पोस्टिंग पुण्याच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये होतं. मी कॅप्टन होते. वाशिष्ठी नदीला पूर आला आणि मदतीला निघालेल्या लष्करी तुकडीबरोबर माझी रिपेअर डिटॅचमेंट रत्नागिरी जिल्ह्यात गेली. सहा माणसं, एक ट्रक, एक जनरेटर, एक वेल्डिंग सेट. माझं माहेर रत्नागिरीचं. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

सकाळी फॉल-इनची हजेरी, मग केबलची तपासणी, मग काम. चीर गेलेली केबल बदलायची, चिकटपट्टीवर भागवायचं नाही. सेट फळ्यांवर उंच ठेवायचा. त्याच्या पत्र्याला अर्थिंगची तार लावायची, म्हणजे आत बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते आणि ब्रेकर पडून वीज तुटते. करंट सेटकडे परत नेणारा रिटर्नचा क्लॅम्प ज्या लोखंडाला जोड द्यायचा त्यालाच, जोडाजवळ लावायचा. ओले हातमोजे चालणार नाहीत.

पूर ओसरला त्या दुपारी आमचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, रेडिओवर आले. दाभोळच्या वर, खाडीकाठच्या एका गावात उघाडी मोडली होती. उघाडी म्हणजे खारबांधातलं लोखंडी दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला मिटून खाडीचं पाणी अडवतं. बिजागरी तुटून दार लोंबत होतं. संध्याकाळी उधाणाची भरती होती. खारं पाणी आत आलं असतं तर लावणी झालेलं सगळं भात गेलं असतं.

ट्रक बांधाच्या टोकाला कातळापर्यंतच जात होता. तिथेच सेट उतरवला. माझा वेल्डर नायक गुरमीत दारापाशी फळ्या टाकून तयार झाला. एका जवानाने कातळाच्या फटीत अर्थिंगचा रॉड ठोकला. रॉड वीतभर आत गेला आणि अडला.

"हो गया, मॅडम."

वरून लाल माती दिसते, पण खाली जांभा खडक असतो. मी अर्थिंग मोजायचा टेस्टर लावला. अर्थिंग नावापुरतंही नव्हतं.

"काढा. तार खाली खाडीच्या चिखलात न्या. रॉड तिथे ठोका."

तेवढी लांब तार आमच्याकडे नव्हती. ट्रकमधले तुकडे जोडावे लागणार होते. बांधावर सारं गाव उभं होतं. पुढे छत्री घेतलेले गणूतात्या. त्यांची शेतं उघाडीला अगदी लागून होती.

"बाय, पाणी काय तुझी वाट बगत ऱ्हाणार नाय."

"माहीत आहे, तात्या."

"मग लाव की बटण! फौजेत बायका घेतल्या, मग आसंच व्हायचं."

मागे लोक हसले. माझ्या डिटॅचमेंटचे हवालदार जाधव साताऱ्याचे. त्यांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि ते तारा जोडू लागले.

"तात्या," मी म्हटलं, "मी भात वाचवायला आलेय. माणूस भाजायला नाय."

रेडिओवर पुन्हा सीओ.

"स्टेटस?"

"अर्थिंग बाकी आहे, सर. सेट बंद आहे."

"भरती थांबणार नाही, कॅप्टन."

"सेटही सुरू होणार नाही, सर. ओव्हर."

मग, "युवर डिसिजन. आउट."

माझ्या निर्णयामागे एक माणूस होता. आदल्या वर्षी, मी रुजू होण्याआधी, आमच्याच वर्कशॉपमध्ये क्राफ्ट्समन हुद्द्याचा वेल्डर सुर्वे सेटच्या पत्र्याला चिकटून वीज लागून गेला. अर्थिंगची तार निखळलेली होती. घामाने भिजलेले हातमोजे, ओली फरशी. त्याला बाजूला ओढणारे जाधवच होते.

जाधव स्वतः कमरेएवढ्या चिखलात उतरले. रॉड पूर्ण आत गेला. मी टेस्टर पाहिला आणि हात वर केला. पाणी दाराच्या खालच्या पट्टीला लागलं होतं.

गुरमीतने पहिला जोड पुरा केला. दुसरा अर्ध्यावर असताना ब्रेकर पडला. बांधावर ओरडा झाला, "बिघडला! बिघडला!" जाधवांनी जनरेटर बंद केला आणि सेट पाहिला. ताडपत्री उडू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर चिऱ्याचा तुकडा ठेवला होता. त्याखाली केबल चेपून फाटली होती आणि आतली तार पत्र्याला टेकली होती. पावसाची सर आली म्हणून गणूतात्या ताडपत्रीखाली घुसले होते. त्यांचा पंजा सेटवर होता.

"तात्या, हात कुठे आहे तुमचा?"

"हय, पत्र्यावर. का?"

"आत्ता त्याच पत्र्यात वीज उतरली होती."

"मना तर काय नाय झाला."

"तेच तर. ती तारेतून खाली चिखलात गेली."

ते हाताकडे बघत राहिले. मग छत्री मिटून, मागे सरले आणि दुसऱ्यांनाही मागे हटवू लागले.

केबल बदलली, टेस्टर पुन्हा लावला. गुरमीत उरलेला जोड करताना घोट्यापर्यंत पाणी आलं, तेव्हा मी त्याला वर घेतलं. तेवढ्या जोडावर दार मिटलं. भरती दाराला थडकली आणि बाहेरच राहिली. लोक नाचत होते. जाधव चिखलाचे बूट घेऊन बांधावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, सुर्वे इथं असता तर शेवटचा जोड त्यानंच मागून घेतला असता."

सुर्वेचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही. कारण तो लढाईत गेला नाही, असं सांगतात. रत्नागिरीत दरवर्षी आम्ही माजी सैनिक जमतो आणि वीरगती मिळालेल्यांची नावं वाचतो. पहिल्या वर्षी वाचन संपल्यावर मी उभी राहून म्हटलं, "क्राफ्ट्समन सुर्वे, वेल्डर." मला खाली बसायला सांगितलं. दुसऱ्या वर्षीही सांगितलं. अजून सांगतात. मी अजून उभी राहते, आणि मी नाव घेतलं की समोरच्या खुर्च्यांवरचे म्हातारे जवान सावधानमध्ये येतात.