उकिडवे काकांचं दुसरं दार

रामचंद्र उकिडवे यांच्या घरातून बाहेर पडायला सरासरी चार मिनिटं लागतात. हा आकडा त्यांनीच काढलेला आहे. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं मोजमापाची उपकरणं बनवली. निवृत्तीनंतर घरात मोजण्यासारखं काही उरलं नाही, आणि नेमकं तेव्हाच मांजर आलं.

मांजर मुळात त्यांच्या मुलीचं. ओजस्विनी नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली, ती दोन सुटकेसा घेऊन आणि एक तपकिरी मांजर मागे ठेवून. नाव राजमा. चंदीगडमध्ये वाढलेली मुलगी तपकिरी रंगाला दुसरं काय म्हणणार! काका वैतागले होते. मांजर ही वस्तू कुठल्याच नियमात बसत नाही, असं त्यांचं मत होतं.

सुरुवातीला ओजस्विनी रविवारी फोन करायची. "जेवलात? बरे आहात? चलो, रखती हूँ." संपलं. मग तिला राजमाची आठवण छळू लागली आणि ती रोज संध्याकाळी साडेपाचला, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, व्हिडिओ कॉल करू लागली. कॅमेरा राजमावर. आईवडील त्यात दिसायचे ते मांजर धरणारे चार हात म्हणून. पण तो कॉल दहा-दहा मिनिटं चालायचा. सायकल पंक्चर झाली, साहेब खडूस आहे, भात करपला, हे सगळं ती राजमाला सांगायची आणि काका-काकू श्वास रोखून ऐकायचे. राजमा अर्थातच ऐकत नसे.

आता माझा गुन्हा सांगते. मी शुभदा, समोरच्या ब्लॉकमध्ये राहते. माझा नवरा निशांत मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करतो आणि मी सगळ्यांच्या दारात उभी राहते. आपल्या लोकांची एक खोड आहे. सोफ्यावर दोन तास बसून आपण हवेबद्दल बोलतो. "बराय, निघते" म्हणून उठलो, एक पाय चपलेत घातला आणि दार उघडलं, की मग खरं बोलणं सुरू होतं. कुणाचं लग्न मोडायला आलंय, कुणाच्या रिपोर्टमध्ये काय निघालं, हे कधी कुणी सोफ्यावर सांगितलंय? गेल्या दिवाळीत मी अशीच उकिडव्यांच्या दारात उभी राहून चारुशीला काकूंना माझ्या नणंदेचं प्रकरण सांगत होते. ते ऐन रंगात आलं असताना माझ्या पावलावरून काहीतरी मऊ गेलं. मला वाटलं ओढणी असेल.

साडेपाचला कॉल आला. काका आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले, "राजमा झोपलीये." ओजस्विनी म्हणाली, "अच्छा, फिर रहने दो. कल दिखाना." आणि फोन ठेवला. अकरा सेकंद. काकांनी तेही मोजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या चौकीदाराने राजमाला पाण्याच्या टाकीमागून ओढून आणलं, तेव्हा काका तिला काही बोलले नाहीत. माझ्याशी मात्र आठ दिवस बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सुतार आला. इकडे प्रत्येक घराला लाकडी दार आणि त्याच्या बाहेर जाळीचं दार असतंच. काकांनी जाळीचं दार तीन फूट पुढे सरकवलं आणि मधे कोठडी तयार केली. नियम असा, की एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सोफ्यावरून उडी मारून दारापर्यंत यायला राजमाला दोन सेकंदही लागत नाहीत, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. त्या हिशोबाने दोन्ही दारांना ताकदवान स्प्रिंगा लावल्या. पाहुणा आला की काका आतून ओरडायचे, "मांजर दिसतंय का?" काकू म्हणायच्या, "दिसतंय." "कुठे?" "फ्रिजवर." मग दार उघडायचं. पाहुण्याला निरोप सोफ्यावरच घ्यावा लागे. उठल्यानंतर बोलायला मनाई. कुणी कोठडीत रेंगाळलं, की आतून आवाज यायचा, "पुढचं दार!"

जानेवारीत काकूंनी हळदीकुंकू केलं. अकरा बायका, दोन-दोनच्या तुकड्यांत आत घेतल्या गेल्या. चिन्मयी देशपांडेचा शालू स्प्रिंगच्या दारात अडकला आणि तिळगूळ कोठडीभर सांडला. त्यानंतर बायका यायच्या कमी झाल्या. काकू मला एकदा म्हणाल्या, "शुभदा, घर कसं सुरक्षित झालंय बघ. मी धरून कुणीच बाहेर जात नाही." मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे चहाला गेलो. निरोप नियमानुसार सोफ्यावर झाला. पण कोठडीत शिरल्यावर निशांतने, ज्याला मी घरात चार वाक्यं बोलायला लावू शकत नाही, मागे वळून विचारलं, "काका, आमच्या लॅबमध्ये तुमच्या काळातला एक व्हॅक्यूम गेज आहे. अजून अचूक चालतो. कसा बनवला होता तुम्ही?"

काकांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ते कोठडीत आले. हातवारे करायला जागा कमी पडली, म्हणून त्यांनी स्वतःच्या खांद्याने बाहेरचं दार उघडं धरलं. आतलं दार त्यांच्या पाठीला टेकून अर्धवट राहिलं. वीस मिनिटं ते गेजबद्दल बोलले. मी पहिल्यांदाच दारात गप्प उभी होते, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मांजर दिसत नाहीये."

त्याच वेळी फोन वाजला. साडेपाच.

काका पांढरेफटक पडले. त्यांनी फोन उचलला आणि रडवेल्या आवाजात सरळ सांगून टाकलं, "ओजू, राजमा गेली. माझ्यामुळे गेली. दार मीच उघडं ठेवलं." मला वाटलं, आता ती चिडणार. पण फोनमधून आवाज आला, "बाबा, रोओ मत. रुको, मैं साथ में ढूँढती हूँ. कॅमेरा उलटा करा. आई को भी बुलाओ."

आणि ते तिघं जिने उतरले. काका पुढे फोन धरून, काकू मागे चमच्याने वाटी वाजवत. निशांत गच्चीवर पाहायला गेला, मी खाली पार्किंगमध्ये. ओजस्विनी विचारत होती, "बाबा, ये मफलर वही है न मेरा? तुम्ही इतके बारीक कधी झालात?" ती त्यांना काही विचारतेय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पाच मिनिटांत राजमा मला दिसली. एका ॲक्टिव्हाखाली बसून पंजा चाटत होती. मी तिला शालीत उचललं आणि ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका तिथे आले. त्यांनी शालीतून डोकावणारं तपकिरी डोकं नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग फोनची दिशा बदलली आणि म्हणाले, "इथे नाहीये गं. आपण पार्कात बघू."

मी तोंड मिटलं. मागून काकू आल्या, शालीबाहेर लोंबणारी शेपटी आत खोचली आणि वाटी वाजवत पुढे निघाल्या.

मी स्कूटरला टेकून राजमाला घट्ट धरून उभी राहिले. पार्कात त्यांची तिसरी फेरी सुरू होती. तिकडची सुट्टी केव्हाच संपली असणार, पण फोन चालूच होता.

"बाबा, धीरे चलो ना," ओजस्विनी म्हणत होती. "थकला नाहीत ना?"

"नाही गं," काका म्हणाले. "अजून तो कोपरा बघायचा राहिलाय."