सीतादही राहिलं आन मी चिखलदऱ्याले

बायकोसोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे दही लावणं. संध्याकाळची लाइट गेलती. ती गाडग्यातल्या दुधाले विरजण लावत होती, मी बाजूले टॉर्च धरून उभा.

"नीट धरा ना अवो. मी इथं दही लावून राह्यली, तुमी भिंतीले उजेड दाखवून राह्यले."

"भिंतीवर पाल आहे."

"मंग उद्याचं सीतादही तिच्याच हातानं करा."

आमच्याकडं कापसाची वेचणी उगाच सुरू होत नाही. घरची बाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सात गोटे मांडते, हळदकुंकू लावते, दहीभात ठेवते, थोडा पऱ्हाटीच्या झाडाइवर शिंपते. ते सीतादही. त्यानंतरच वेचणाऱ्या बाया कापूस भराले कमरेले लुगड्याच्या ओट्या बांधतात. लग्न होऊन आली तेव्हापासून दरसाल तिनंच केलं. दही लावलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. दही मात्र घट्ट लागलं होतं. शेजारणीनं ते गाडगं आपल्या घरी नेलं, म्हणे विरजण मोडू देत नाही.

तेरवी झाली. कापूस फुटून झाडावर लोंबला. त्या सालात बोंडअळीनं आधीच बोंडं पोखरलेली, दिग्रसच्या बाजारात व्यापारी कापूस चिमटीत धरून नाक मुरडत. जो होता तो तरी घरी यावा. पण बाया आल्या का मी त्याइले परत धाडत होतो. सीतादही कोण करन?

पोरगा पुण्याले नोकरीले. त्यानं ठरवलं का बापाले हवापालट पाहिजे.

"बाबा, चिखलदऱ्याला जाऊ. डोंगर, थंड हवा. मन हलकं होईल."

कापूस वावरात आन मी डोंगरावर. पण तेव्हा नाही म्हणायचीही ताकद नव्हती. सुनेनं घाटभर ओकून घेतलं आन वर उतरल्या उतरल्या म्हणे, "किती फ्रेश वाटतंय!"

तिथं काय पाहिलं? चांगली धडधाकट माणसं डोक्यावर टोप घालून दोरीले लटकत दरीवरून जात होती आन किंचाळत होती. आमी विहिरीत गाळ काढाले असेच लटकतो, किंचाळाले फुरसत नसते. काही लोक पैसे देऊन तंबूत निजत. वावरात जागलीच्या मचाणावर चला म्हटलं असतं, तं त्याइच्या पाठी दुखल्या असत्या. थंडीसाठी आले होते आन सारे शेकोटीले चिकटून बसले होते.

एका कड्यावर ओरडलं का आवाज पाच वेळा परत येते म्हणे. पोरगा ओरडला, सून ओरडली.

"बाबा, तुम्ही पण आवाज द्या ना."

"कायले? घरी आवाज दिला तं आता कोणी ओ देत नाही. इथं माझाच मले ऐकू येऊन काय करू?"

मंग ते मले रबडी खायले घेऊन गेले. रबडी बरी होती, खोटं कायले बोलू. तिथंच पोरानं पोटातलं काढलं.

"वावर मक्त्यानं देऊन टाका बाबा. कापसात काय राहिलंय? आता तुमचं तिथं कोण आहे?"

"कापूस आहे."

"तो कधी वेचणार? सीतादही होत नाही म्हणून बसून राहिलात."

सून उठली आन दुकानातून दह्याचा प्लास्टिकचा कप घेऊन आली. "बाबा, दहीच हवं ना? हे ठेवू शेतात." कपावर गाईचं चित्र होतं. गाय हासून राह्यली होती.

"हे कोणाच्या घरचं दही, पोरी?"

"फॅक्टरीचं."

"मंग फॅक्टरीच्या वावरात ठेवजो."

तिचं तोंड उतरलं. पण तिले तेवढं तरी सुचलं. पोराले वावर द्यायचंच सुचलं.

"आताच खाली चला," मी म्हटलं.

"अजून बुकिंग आहे बाबा!"

"तुमी लटका दोरीले. मी एस्टीनं जातो."

पोरगा रागानं गाडी चालवत घरापर्यंत आला. संध्याकाळी मी शेजारणीच्या दारात त्याच गाडग्यातलं विरजण मागाले गेलो. ती चमचाभर दही घेऊन बाहेर आली आन तिथंच अडली.

"भाऊजी, पुरुषानं कुठं सीतादही केलं का?"

"पाहाले या सकाळी."

दूध मी तापवलं, विरजण मी लावलं. लाइट त्याही दिवशी गेलती, टॉर्च सुनेनं धरला. उजेड बराबर गाडग्यावर होता.

सकाळी धुऱ्यावर सात गोटे मांडले. कुंकू अंगठ्यानं फासलं गेलं, भात सांडला. बाया पदर तोंडाले लावून हासत होत्या. एक बोललीच, "यंदा बुढाच सवाशीण झाला वं माय!"

"हासा, पण हासता हासता ओट्या बांधा."

मीही बायकोच्या जुन्या लुगड्याची ओटी कमरेले बांधली आन पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीले लागलो.