पाच अक्षरांच्या चार ओळी

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या पासवर, म्हणजे व्हिसावर, सिंगापूरला येण्याआधी मी पुण्यातल्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायचे. इथे त्या पासवर मला नोकरी करता येत नव्हती. सकाळी नवरा एमआरटी मेट्रोने वन-नॉर्थला ऑफिसला जायचा, मुलगी शाळेत, आणि बिशानच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. "दोन वर्षं काढू, मग बघू," असं नवरा म्हणाला होता. ती कधीच उलटली. मग मुलीची शाळा मध्येच सोडवायची नाही, असं ठरलं. ठरवताना मीही मान डोलावली होती, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? दिवसभर मिटलेलं तोंड संध्याकाळी उघडलं की आवाज घोगरा निघायचा.

एकदा भाजी घेऊन परतताना आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खालच्या मोकळ्या जागेत मला पठण ऐकू आलं. काही चिनी आजी-आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई पुढे उभं राहून एकेक ओळ गात होत्या आणि बाकीचे ती त्यांच्यामागून म्हणत होते. मला एक शब्द कळत नव्हता, पण हे वृत्त आहे हे कानाला कळलं. मी पिशव्या खाली ठेवून उभीच राहिले.

तास संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "समजलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"शब्द नाही समजले. पण ओळीत पाच अक्षरं आहेत आणि दुसऱ्यानंतर तुम्ही जरा थांबता."

त्या हसल्या. "काय शिकवतेस तू?"

"शिकवत होते," मी म्हणाले.

आयुष्यभर शाळेत चिनी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि नवरा गेल्यापासून आमच्याच ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. सगळे त्यांना लाओशी म्हणत, म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला 'बाई' म्हणतात तसं. मीही तेच म्हणू लागले. दर गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायचे. हजारहून अधिक वर्षांपूर्वीच्या तांग राजवटीतली एखादी कविता काढून त्या एकेका अक्षराचा अर्थ सांगायच्या. क्रियापदाला काळ नाही, कर्ता बहुतेक वेळा गायब. कालिदासाच्या लांबलचक समासांत वाढलेली मी बावचळून जायचे.

"पण हे सगळं बघतंय कोण?" मी विचारायचे.

"आत्ता? तू."

त्या काळाला सुवर्णकाळ म्हणतात, म्हणून हे कवी सुखात असतील असं मी धरून चालले होते. लाओशींनी नाही अशी मान हलवली. "राजधानी वैभवात होती, खरं आहे. पण यातले कितीतरी जण सरकारी नोकर. कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात बदली झालेले, परतीच्या हुकमाची वाट बघत बसलेले." मग चहा ओतत म्हणाल्या, "तेही पासवरच होते म्हण."

मी खळखळून हसले. पुष्कळ दिवसांनी.

पुढे त्यांनी मला अक्षरं न मोजता मराठीत तशा चार ओळी लिहायला लावल्या. पहिल्या प्रयत्नात मी घराच्या आठवणीने जीव कासावीस करून घेतला होता. इंग्रजीत अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चार ओळींची खोली लहान आहे, एवढं सामान नको. खिडकीतून काय दिसतं?"

"काही नाही. समोरचा ब्लॉक."

"मग तो लिही."

कित्येक आठवडे मी खोडत राहिले. शेवटी हे उरलं:

समोर बांबूवर ओला सदरा.
वारा पडलेला.
लिफ्ट वर येते,
खालच्याच मजल्यावर थांबते.

अर्थ ऐकून लाओशींनी मला त्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या. "यातून तू बाहेर गेलीस," त्या म्हणाल्या, "म्हणून आता दिसतेस."

जेवताना मी त्या ओळी घरी वाचून दाखवल्या. नवरा म्हणाला, "छान आहे. पण पुढे?" मुलगी मात्र ताटातून मान वर करून इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "आई, सो सॅड लाह." दुःखाचा एकही शब्द मी लिहिला नव्हता.

त्यानंतर काही महिन्यांनी लाओशींनी सांगितलं की पर्थला राहणारा मुलगा त्यांना कायमचं घेऊन जाणार आहे. फ्लॅट विकायला काढला होता.

"तुम्हाला जायचंय?"

"मी मध्ये घरात घसरून पडले होते ना. त्याला काळजी वाटते. त्याचं चूक नाही."

"नाही म्हणून सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू सांगितलंस तुझ्या घरी?"

मी रिकामे कप उचलून धुवायला नेले.

तांग काळच्या निरोपाच्या कवितांत मित्राची नाव दिसेनाशी होईपर्यंत माणूस काठावर उभा राहतो. आमच्याकडे टॅक्सी आली, मुलाने बॅगा ठेवल्या, लाओशींनी माझा हात घट्ट दाबून सोडला आणि कार पार्कच्या वळणाआड टॅक्सी क्षणात दिसेनाशी झाली. बघायला काही नव्हतं, तरी मी तिथेच उभी होते. मागून एकाने सायकलची घंटा वाजवली तेव्हा बाजूला झाले.

पर्थहून त्यांचा फोन येतो. सून चांगली आहे, बाग मोठी आहे, रस्त्यावर माणूस दिसत नाही, असं सांगतात. मी अजून इथेच आहे. मुलीच्या शाळेची काही वर्षं राहिली आहेत. सकाळी घर रिकामं झालं की लिहायला बसते. बहुतेक वेळा तीनच ओळी होतात.